गहाळ

आज भाच्याचा मोबाईल गेला. बसस्टॉपवर उभा होता, बाईकवरच्या दोघांनी हातातून हिसकावला. पोलीस ठाण्यातून कागद घेऊन आला, त्यावर लिहिलंय "मोबाईल गहाळ". म्हटलं, अरे, गहाळ कसा? तर म्हणे, "मावशी, ते म्हणाले चोरी लिहिलीस तर कोर्टाच्या चकरा माराव्या लागतील. सिमकार्ड काय, यावरही मिळतं."

माझं डोकंच फिरलं. कारण हा शब्द आमच्या घरात आधीच आलेला आहे.

2011 मध्ये आईचं मंगळसूत्र असंच ओढून नेलं. गळ्यावर हा एवढा लाल ओरखडा. ठाणे अंमलदार तो ओरखडा बघत बघत लिहीत होते, "गहाळ". गहाळ झालेल्या मंगळसूत्राने ओरखडा उठतो होय?

तेव्हा एकवेळ समजून घेतलं असतं. पण 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ललिताकुमारी प्रकरणात स्वच्छ सांगितलं, दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात) खबर आली की एफआयआर नोंदवायचाच. नव्या न्याय संहितेत तर हिसकावण्याला वेगळं 304 कलम आहे. तरी शब्द तोच!

पोलिसांचा प्रामाणिकपणा म्हटलं की आपण टेबलाखालच्या पैशांबद्दलच बोलतो. आमच्याकडून तर कुणी एक रुपया मागितला नाही. खोटं मात्र सरकारी शिक्क्यानिशी लिहून दिलं.

आणि खरं सांगू? त्या अंमलदारांचा मला राग नाही. त्यांनी आईला पंख्याखाली बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. डोळे तांबारलेले, बहुतेक आदल्या रात्रीचा बंदोबस्त. बारा-बारा तासांची ड्युटी असते, मान्य. आठ तासांची ड्युटी मुंबईत देवनारला सुरू व्हायला 2016 उजाडलं, आणि तीही एका शिपायानेच मांडणी करून दिली म्हणून. म्हणजे खात्यात डोकी आहेत, मनंही आहेत.

राग आहे तो महिन्याच्या क्राईम मिटिंगमध्ये "तुमच्या हद्दीत चोऱ्या वाढल्या कशा?" असं झापणाऱ्या साहेबांचा. खरं लिहिलं की बोलणी खायची, गहाळ लिहिलं की हद्द शांत. मग पोरगेलासा शिपाई पहिल्या वर्षात काय शिकणार? बदलीची टांगती तलवार नको म्हणून सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंह निकालात ठाणे प्रमुखाला किमान दोन वर्षं द्या म्हटलंय, 2006 मध्ये. वीस वर्षं होत आली. असो. आकडे फुगले की पेपरवाले आणि विरोधी पक्ष तुटून पडतात, हेही आहेच म्हणा.

आईला मघाशी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तो कागद अजून आहे गं माझ्याकडे, डब्यात, मंगळसूत्राच्या पावतीबरोबर."

उद्या दहाला भाच्याला घेऊन परत जातेय. ललिताकुमारी निकालाची प्रिंट काढलीय. कुणी वकील मित्र असेल तर या, चहा माझ्याकडून.