माझा लघुग्रह आणि १४० कोटी पिक्सेल

जुन्या फोटोंत लघुग्रह कशाला शोधायचा हे बायकोला पटवायला मी अपोफिस नावाच्या लघुग्रहाची गोष्ट सांगितली. डिसेंबर २००४मधे, तो २०२९ला पृथ्वीवर आदळायची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती, मग त्याच वर्षीच्या मार्चमधले फोटो उकरले तर त्यात साहेब आधीच हजर, कक्षा नीट बसली आणि २०२९ची भीती गेली. ती म्हणाली, "तुझा आदळणारे का?" म्हटलं नाही गं, माझा मंगळ आणि गुरूच्या मधे गुमान फिरतोय. "मग रात्री दीडला कशाला?"

तर हवाईच्या हालेआकाला डोंगरावर पॅन-स्टार्स दुर्बीण आहे, तिचा कॅमेरा १४० कोटी पिक्सेलचा, म्हणजे अख्ख्या भारतात एक माणूस शोधायचा आणि त्याचा आधार नंबर नाही. फक्त तो त्या रात्री साधारण कुठे असेल एवढं गणित सांगतं, ते पण विषुवांश (आकाशातले रेखांशच म्हणा) तासात, आणि जुने फोटो ठेवलेल्या अर्काइव्हला हवे अंश, एका तासाचे १५. म्हणजे ९ तास २० मिनिटांचे १४० झाले. मी टाकले ९.३३ आणि तीन रविवार भलत्याच आकाशात बसलो. वाईट म्हणजे तिथेही मला लघुग्रह सापडले! एक कॉस्मिक किरणाचा (अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळणारा कण) ओरखडा निघाला, दुसरा खराब पिक्सेल, तिसरा माझ्या स्क्रीनवरचा वरणाचा डाग (हा सगळ्यात ठळक होता).

चूक कळल्यावर बरोबर जागेवर गेलो तर पहिल्या फोटोत तो नेमका कॅमेऱ्याच्या दोन चिपांच्या मधल्या फटीत, दुसऱ्यात एका तेजस्वी ताऱ्याच्या झगमगाटाखाली. पण पुढच्या एका रात्रीचे चार फोटो आलटून पालटून लावले आणि दिसला की हो, बाकी तारे ढिम्म आणि हा एकटा ठिपका सरकतोय! अंगावर काटा आला. नोंद पाठवायच्या आधी मायनर प्लॅनेट सेंटरची (जगभरच्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारी संस्था) यादी उघडली तर तीच रात्र, त्याच चार जागांचे आकडे, पुढे वेधशाळेचा कोड एफ५१. म्हणजे पॅन-स्टार्सनेच कधीचे पाठवलेले.

बायकोला उठवून सांगितलं. "म्हणजे तो हरवलाच नव्हता?"

"नव्हता."

"झोप आता."

झोपणारच होतो, पण कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या १९५०च्या दशकातल्या काचेच्या प्लेट्सपण स्कॅन करून ठेवल्यात, आणि त्यांचं एक्स्पोजर एवढं लांबलचक की लघुग्रहाची ठिपका नाही, चांगली रेघ उमटते, म्हणजे ते तर सोप्पंच जाईल.