टवका कोटिंगचा उडालाय, पण कारण ग्राइंडिंगमध्ये आहे

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गाळाच्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट ग्लँडच्या जागी (पाणी गळू नये म्हणून शाफ्टभोवती पॅकिंग भरतात तिथे) खाल्ला होता, तिथे आमच्याकडून एचव्हीओएफने (ज्योतीतून पावडर जोरात मारायची स्प्रेची पद्धत) टंगस्टन कार्बाइड, म्हणजे एकदम कडक पदार्थ, मारून घेतलं, तीन महिन्यात कडेला टवका उडाला, थर रंगासारखा पातळ होता, महागडी प्रोसेस गळ्यात मारली, त्यापेक्षा वेल्डिंगने भरून घेतलं असतं तर परवडलं असतं, आणि वर आम्ही फोन पण उचलत नाही. पंप बंद पडला की राग येणारच, त्यावर काही बोलत नाही. पण कोटिंग बोगस होतं हे मान्य नाही, आणि का ते इथेच सांगतो कारण रिव्ह्यू पण सगळे इथेच वाचतायत.

आधी तुम्ही टाकलेले फोटो. टवका उडालेली जागा जरा झूम करून बघा, करडी आहे, खडबडीत आहे आणि गंजाचा ठिपका पण नाहीये. शाफ्ट ईएन ८ चा, म्हणजे साधं कार्बन स्टील, ते उघडं पडलं असतं तर पाण्यात एव्हाना लाल झालं असतं. म्हणजे तिथे अजून कार्बाइड चिकटलेलं आहे, थर स्टीलपासून सुटलेलाच नाही, तो मधल्यामध्ये फाटलाय. ब्लास्टिंग (थर धरावा म्हणून कडक दाण्यांचा मारा करून जागा खरखरीत करणं) कमी पडलं किंवा जॉब, म्हणजे शाफ्ट, तेलकट राहिला किंवा ब्लास्ट करून तसाच पडून राहिला आणि मग स्प्रे मारला तर पोपडा मुळापासून निघतो आणि खाली नुसतं स्टील दिसतं. तसं असतं तर मी इथे वाद घालत बसलोच नसतो.

आता दुसरा फोटो, ज्यात पूर्ण पट्टा दिसतोय. लाइट पडलाय तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा आहेत बघा. त्या स्प्रेच्या नाहीत, ग्राइंडिंगच्या आहेत. तुम्हाला आठवत असेल, ग्राइंडर आमच्याकडे आहे, नुसतं कोटिंग करून द्या असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून जॉब वाढीव मापात दिला आणि चलनावर लिहून पण दिलं होतं की डायमंड व्हीलच लावा, कूलंट भरपूर सोडा, कट अगदी हलका घ्या. हा थर १००० विकर्सच्या (कडकपणा मोजायचं एकक) वर कडक असतो, नेहमीचं पांढरं व्हील त्याला कापतच नाही, नुसतं घासतं, मग ऑपरेटर जोर देतो, जागा तापते, कार्बाइडचा थर आणि खालचं स्टील तापल्यावर सारखं फुगत नाही आणि थराला तडे जातात. मग कडेला अजून एक गोष्ट झालीये, आम्ही शोल्डरला (शाफ्टच्या पायरीला) चॅम्फर, म्हणजे तिरकी कड, ठेवला होता तो ग्राइंडिंगमध्ये गेला आणि कड धारदार झाली, त्यावर बेअरिंग नाहीतर कपलिंग ठोकताना हातोडी बसली असणार, कारण टवका बरोब्बर तिथेच आहे. पॅकिंगच्या घासणीने जे झिजायला पाहिजे होतं ते मधलं अंग तर अजून चकाचक आहे!

पातळ थराचं म्हणाल तर २०० मायक्रॉन (०.२ मिमी) हा या कामाला व्यवस्थित थर आहे. एचव्हीओएफमध्ये पावडर सेकंदाला काहीशे मीटरच्या वेगाने आदळते, म्हणून थर एकदम घट्ट बसतो, भोकं १-२ टक्क्यांच्या आतच राहतात. जाड मारला की जास्त टिकेल हा गैरसमज आहे, थरातला ताण वाढतो आणि उलट सुटायची भीती वाढते. आणि हो, कोटिंगने शाफ्टची ताकद वाढत नाही, फक्त वरची कातडी बदलते, घासणीला आणि गाळाला तोंड द्यायला. घणाचे घाव सोसायला ती नाहीच, हे कोणी लपवू नये, आम्ही पण लपवत नाही.

वेल्डिंगचं बोलायचं तर ईएन ८ ला नीट प्रीहीट न करता वेल्डिंग भरलं की बाजूची जागा कडक होते, क्रॅक जायचा धोका असतो आणि एवढा लांब शाफ्ट वाकतो तो वेगळाच. स्प्रेमध्ये ज्योत ३००० डिग्रीच्या आसपास असली तरी जॉब आम्ही १५० डिग्रीच्या आत ठेवतो, म्हणून रनआउट (फिरताना शाफ्ट किती डुगडुगतो ते) होता तसाच राहतो.

महागडी प्रोसेस गळ्यात मारली हे मात्र मनाला लागलं. नुसती बेअरिंगची सीट ढिली झाली असती तर आम्हीच तुम्हाला आर्क स्प्रेने (विजेने तार वितळवून मारायची पद्धत) स्टील मारून मशिन करून घ्या म्हणालो असतो, स्वस्तात काम होतं, रोज करतो. पण ग्लँडखाली वाळू घासत असताना ते किती टिकणार? प्लाझ्मा स्प्रेने क्रोम ऑक्साइड सिरॅमिक चाललं असतं, पण ते अजून ठिसूळ, तुमच्याकडच्या ठोकाठोकीत ते आधी गेलं असतं.

राहिला प्रश्न फोनचा, स्प्रे चालू असताना बूथमध्ये कानावर मफ असतात, रिंग ऐकू येत नाही, मेसेज टाकत जा.

आता पुढचं. शाफ्ट पाठवून द्या, उरलेला थर घासून काढू, परत ब्लास्ट करून स्प्रे मारू, आणि या वेळी फिनिश ग्राइंडिंग आमच्याकडेच होईल, त्याचं बिल लावणार नाही, कोटिंगचं मात्र लागेल. जॉबसोबत त्याच सेटिंगवर एक टेस्ट पीस मारतो, थर किती घट्ट बसलाय ते बघायला तो ओढून तोडताना तुमचा माणूस उभा करा. आणि तोपर्यंत कृपा करून त्या टवक्यावर कोणाकडून वेल्डिंगचा टाका मारून घेऊ नका, कार्बाइड वितळून खालच्या धातूत गेलं की ती जागा पूर्ण कापून काढावी लागेल आणि मग शाफ्ट अंडरसाइज होऊन आमच्या हातात पण काही उरणार नाही.