‘रडू दे, फुप्फुसं मजबूत होतात’ म्हणे!

माझ्या भाचीचं बाळ पाच आठवड्यांचं आहे. परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, “मावशी, तो केव्हाचा रडतोय, पण उचलायचं नाही असं लिहिलंय. काय करू?” खाली तो फॉरवर्ड. चुलतसासूबाईंनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला, आणि त्याखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची ही लांब रांग. मथळा: ‘आजच्या आयांनो, आजीचे नियम विसरू नका!’

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी सारांश असा. बाळ रडलं की लगेच उचलू नका, हाताची सवय लागते. रडण्याने फुप्फुसं मजबूत होतात. घड्याळ लावून दर तीन तासांनीच पाजा. मधेच रडलं तर तुमचं दूध पुरत नाही, पाणी किंवा वरचं दूध सुरू करा. जन्मल्यावर चीक पिळून टाका, मध चाटवा. आणि बाळाला कापडाने अंगाशी बांधून फिरवणं हे परदेशी फॅड आहे, त्याने पाय वाकडे होतात.

भाचीला म्हटलं, आधी उचल त्याला. बाकीचं इथे लिहिते, कारण हा मेसेज तिच्या एकटीच्या फोनवर थांबलेला नाही.

फुप्फुसांपासून सुरू करू. जन्मल्याबरोबरच्या पहिल्या रडण्याने फुप्फुसांत हवा भरते, हे खरं. एवढं देऊन टाकते. पण पाच आठवड्यांचं बाळ एरवीही श्वास घेतच असतं की! त्याच्या फुप्फुसांना तालमीची गरज नाही. आणि हा नियम कुठल्या आजीचा? न्यूयॉर्कचे डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांचं बालसंगोपनावरचं प्रश्नोत्तरी पुस्तक १८९४ साली आलं आणि पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. रडण्याने फुप्फुसं फुलतात, दिवसाला थोडं रडणं म्हणजे बाळाचा व्यायाम, असं त्यात छापलेलं आहे. म्हणजे ज्याला ‘आपली परंपरा’ म्हणून हात जोडले जाताहेत, ते सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन डॉक्टरांचं मत आहे. माझ्या आजीच्या वाड्यात तान्हं बाळ पाच मिनिटं सलग रडलं असतं, तर समोरच्या काकू “काय गं, कुणी नाही का घरात?” करत आत आल्या असत्या.

आता हाताची सवय. हे प्रत्येक बाळंतिणीला ऐकावं लागतं, आणि ऐकवणारी माणसं वाईट नसतात म्हणूनच ते जास्त लागतं. पण याचं उत्तर कुणाच्या मतावर सोडायचं कारण नाही, कारण ते तपासून झालेलं आहे. १९८६ साली माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार या दोन डॉक्टरांनी ९९ आया आणि त्यांची बाळं घेऊन प्रयोग केला. निम्म्या आयांना सांगितलं, बाळाला दिवसातून किमान तीन तास जास्तीचं जवळ घ्या. आणि ते रडल्यावरच नव्हे, शांत असतानाही. बाकीच्यांना तसं काही सांगितलं नाही. सहा आठवड्यांच्या वयाला, म्हणजे रडणं सगळ्यात जास्त असतं त्या काळात, जास्त जवळ घेतलेली बाळं ४३ टक्के कमी रडली. दुपारी चार ते मध्यरात्र या वेळात तर ५१ टक्के कमी. सवय लागून रडं वाढायचं असतं तर आकडा उलटा यायला हवा होता. तो नेमका दुसऱ्या बाजूला गेला.

याच बार यांनी पुढे पोटशुळाने बेजार होऊन तासन्‌तास रडणाऱ्या बाळांवर हाच उपाय करून पाहिला, तेव्हा तसा फरक पडला नाही. तेव्हा उचललं की प्रत्येक बाळ गप्प होईल, असं मी म्हणत नाही. काही बाळं खांद्यावरही रडतात. पण ‘उचललं म्हणून बिघडलं’ याला आधार नाही, आणि तीन-चार महिन्यांत हे रडणं बहुतेकांचं आपोआप उतरतं. सहा-सात महिन्यांच्या बाळाला रात्री स्वतःहून झोपायला शिकवणं ही वेगळी गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात अशा मुलांचा सहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला आणि २०१२ साली छापलं, तर नुकसान दिसलं नाही. तेही मान्य. पण तो नियम पाच आठवड्यांच्या जिवाला कसा लावता?

खरा घातक मुद्दा मात्र घड्याळाचा आहे, आणि मेसेजमध्ये तो सगळ्यात साळसूदपणे लिहिलाय.

अंगावरचं दूध तयार होतं ते मागणीवर. जितकं ओढलं जातं तितकं नवं बनतं. स्तनात दूध साचून राहिलं की शरीर निर्मितीचा वेग कमी करतं. आता तीन तासांचा नियम पाळणाऱ्या आईचं काय होतं ते बघा. पहिल्या आठवड्यांत बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यायचं असतं, आणि तेही सारख्या अंतराने नव्हे. संध्याकाळी तर तासाभरात पुन्हा, अर्ध्या तासात पुन्हा, असं चालतं. आई घड्याळाकडे बघत त्याला थोपवते. बाळ रडून दमतं, मग अंगाला लावलं तरी नीट धरत नाही, दोन घोट घेऊन झोपतं. दूध साचतं, पुढचं कमी बनतं. चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, “बघ, तुला पान्हाच फुटत नाही.” मग वरच्या दुधाची बाटली येते. बाटलीने बाळ तेवढा वेळ अंगावर येत नाही, दूध आणखी आटतं. दूध पुरत नव्हतं म्हणून बाटली आली असं सगळे समजतात. प्रत्यक्षात नियम आला म्हणून दूध गेलं.

रडणं ही भुकेची पहिली खूणही नव्हे, ती शेवटची आहे. त्याआधी बाळ तोंड वळवून शोधतं, जीभ बाहेर काढतं, मूठ चोखतं, ओठ चाटतं. तेव्हाच घ्यावं. आणि दूध पुरतंय का हे रडण्यावरून नाही, दुपट्यांवरून कळतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त दुपटी लघवीने ओली होत असतील आणि दवाखान्यातल्या काट्यावर वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. तरीही शंका असली तर बाळ नीट धरतंय का, हे जाणत्या नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा. ग्रुपवर विचारू नका.

पाणी, चीक आणि मध एका दमात उरकते. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघींचं म्हणणं आहे. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं, विदर्भातल्या मे महिन्यातही तेवढं पुरतं. उन्हाळ्यात फार तर पाजण्याच्या वेळा वाढवा. चीक पिळून टाकणं म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं ज्यात सगळ्यात दाट असतात तेच मोरीत ओतणं. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटाला लावूनही नाही. त्यातल्या बोटुलिझमच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. आधी शी होत नाही, मग रडणं क्षीण होतं, मान टाकतं. हा आजार विरळा आहे, पण एका चाटणासाठी हा धोका कशाला पत्करायचा?

राहता राहिलं बांधून घेणं. परदेशी फॅड? झाशीच्या राणीचा एकही पुतळा बघितला नाही वाटतं. (त्यातला मुलगा तान्हा नव्हता, ते सोडा.) वीटभट्टीवर, बांधकामावर पोर पाठीशी बांधून काम करणाऱ्या बाया रोज दिसतात. तेव्हा कुणी ‘फॅड’ म्हणत नाही. पाय वाकडे व्हायची भीती तर उलट्या दिशेची आहे. खुब्याला त्रास होतो तो पाय सरळ ताणून गच्च गुंडाळल्याने. जपानने १९७५ पासून असं गुंडाळणं बंद करायची मोहीम घेतली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण घटलं. बेडकासारखे पाय फाकवून, गुडघे ढुंगणापेक्षा वर, अशी बैठक खुब्याला चांगली. म्हणजे आपलं कडेवर घेणंच, कापडाने हात मोकळे केलेलं.

इथे धोका आहे, पण मेसेजमध्ये लिहिलाय तो नव्हे. पिशवीसारख्या खोल झोळीत लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. २०१० साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने चार महिन्यांखालच्या बाळांसाठी यावर मुद्दाम इशारा दिला होता. म्हणून बाळ उभं, अंगाशी घट्ट, चेहरा सतत दिसणारा, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढी जागा. जन्मतः वजन कमी असेल किंवा दिवस भरायच्या आत जन्मलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बांधलेलं असताना गॅससमोर उभं राहायचं नाही.

रडण्याबद्दलच्या या एवढ्या लांब मेसेजमध्ये एक ओळ मात्र नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, पिणं सोडलंय, रडणं एकदम क्षीण किंवा विचित्र कर्कश झालंय, हिरवी उलटी, यांपैकी काही दिसलं तर त्याच रात्री दवाखाना. आणि काहीच दुखत नसताना ते रडतच राहिलं, तुमचा संयम संपला, तर त्याला पाळण्यात उताणं ठेवा आणि पाच मिनिटं बाहेर गॅलरीत जा. गदागदा हलवायचं कधीच नाही, मेंदूला इजा होते. तेवढा वेळ रडलं म्हणून काही बिघडत नाही.

आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्या सगळ्या काकू-आत्यांना एक विनंती. रडं सगळ्यात चढतं ते संध्याकाळी. तेव्हा तासभर जाऊन बाळ घ्या, बाळंतिणीला डोळा लावू द्या. जाताना गरम भाकरी आणि भाजीचा डबा न्या, आणि “दूध येतंय का गं?” हे विचारू नका.