फाटली म्हणून बाद

आज डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट मोठी आहे, वेळ नसेल त्यांनी सरळ पुढे जा.

आमच्या भागातल्या एका वाचनालयाने (नाव घेत नाही, उगाच वाद नको) जुनी पुस्तकं बाद करून व्हरांड्यात सुतळीने बांधून ठेवलीत, रद्दीवाला येणारे म्हणे. आणि वरच्याच गठ्ठ्यात कोण, तर भयकथावाले नारायण धारप. लुचाई, चेटकीण, ४४० चंदनवाडी, आणि समर्थ या त्यांच्या भुतंखेतं निस्तरणाऱ्या नायकाची दोन-तीन. का काढली विचारलं तर काउंटरवरचे काका म्हणतात, "बाइंडिंग गेलंय, पानं सुटलीत, आणि तसंही हे काय जपून ठेवायचं साहित्य नाही."

अहो काका, बाइंडिंग गेलं कशाने? वाळवीने? मागची तारखांची चिठ्ठी बघा की जरा. शिक्क्यांनी भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलीय आणि तीही भरलीय. चेटकीणच्या पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय 'घरात एकटे असाल तर वाचू नये', खाली वेगळ्या अक्षरात 'काही होत नाही, वाचा', आणि त्याखाली तिसऱ्याच कुणाचं तरी 'होतं'. आत कपाटात मोठमोठ्या पुरस्कारांच्या कादंबऱ्या कोऱ्या करकरीत उभ्यात, त्या कशाला बाद होतायत, त्यांना हात कोण लावतंय!

मी तर धारप वाचायच्या आधी ऐकला. तोही संडासाच्या दाराबाहेर उभं राहून. हसू नका.

आमच्या वाड्यात संडास मागच्या अंगणापलीकडे. आत्या ऑफिसातून येताना पुस्तक बदलून आणायची, जेवणं उरकली की घेऊन बसायची आणि मग मध्यरात्री मला गदागदा हलवून, "ऊठ गं, सोबत चल." बाई एकदम खमकी, ऑफिसात साहेबाला तोंडावर सुनावून यायची, पण धारपाच्या रात्री एकटीने अंगण ओलांडायची टाप नव्हती. मी बाहेर बॅटरी धरून पेंगतेय आणि ती आतून स्टोरी सांगतेय, का तर मी हुंकार देत राहावं. जरा गप्प झाले की आतून आवाज, "आहेस ना गं?"

आता मला सांगा, ही ताकद साहित्याची नाही तर कशाची? १९२५ सालचा जन्म, शिक्षण केमिकल टेक्नॉलॉजीचं, चांगली बी.एस्सी. टेक झालेला माणूस, आणि लिहिली काय तर पिशाच्चं आणि करणी. शिवाय नेनचिम, गोग्रॅमचा चितार असली विज्ञानकथाही त्यांचीच. मला वाटतं ते सायन्सचं डोकंच भुताच्या गोष्टीत कामी आलं. उगाच विजा नाहीत, किंकाळ्या नाहीत, साधी सरळ वाक्यं, एखादा नोकरदार माणूस, बायको, पोरं, नवीन घर, आणि त्यात एकच गोष्ट जरा चुकीची, मग आणखी एक. समर्थांच्या गोष्टी सांगणारे आप्पा जोशीसुद्धा आपल्याच बिल्डिंगमधले वाटतात. ४४० चंदनवाडी तर नावच पत्त्यासारखं, पत्र टाकलं तर पोचेल. आत्या पुस्तकातल्या घराला घाबरायची नाही हो, आमच्याच अंगणाला घाबरायची, जिथे ती लहानपणापासून वावरली होती.

हो, येणारच आहात कमेंटमध्ये, त्या अमेरिकन भयकथावाल्या स्टीफन किंगचं घेतलं म्हणून. घेतलं. लुचाईत किंगची सालेम्स लॉट कादंबरी दिसते, मान्य. समर्थ एकदा आले की सगळं निस्तरणार हेही आधीच कळतं, मान्य. झालं? पण आत्याच्या लायब्ररीत किंग नव्हता आणि असता तरी तिने इंग्रजी वाचलं नसतं. तिला अंगणात घाबरवलं ते धारपांच्या मराठीने.

२०१८ ला तुंबाड सिनेमा आला, त्यातल्या आजीच्या भागामागे धारपांची गोष्ट आहे (तिचंही मूळ किंगच, माहितीये, बसा खाली). २०२४ ला परत थिएटरला लागला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला, आणि सगळीकडे काय, तर इंडियन हॉरर हॉलिवूडच्या तोडीचा! तेव्हा बरं कौतुक सुचलं. धारप २००८ च्या ऑगस्टमध्येच गेले, ८३ पूर्ण व्हायला नऊ दिवस होते. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वगैरे तर सोडूनच द्या, रहस्यकथा भयकथावाल्यांना त्या मांडवात मागच्या खुर्च्या. २०२१ ला नाशिकला नारळीकर अध्यक्ष झाले, छान झालं, पण ते आधी जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते म्हणून आपल्या लोकांना विज्ञानकथा चालून गेल्या हे आपल्यात बोलायला काय हरकत आहे?

काकांवर तरी किती चिडणार म्हणा. छपरातून गळतंय, अनुदान वेळेवर येत नाही, कपाटं भरलीत, काहीतरी काढायला लागणारच. पण मग काढताना एकदा रजिस्टर बघा ना, की कोण वाचायला येत होतं आणि कशासाठी. माझ्या आत्यासारख्या बायका यायच्या, दिवसभर टायपिंग करून, रात्रीचा स्वयंपाक डोक्यात ठेवून, आणि पिशवीत भाजीच्या बाजूला धारप टाकून घरी जायच्या. तिला कुणी कधी विचारलं नाही की तुम्हाला काय आवडतं वाचायला. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं, कारण धारप वाचते म्हटलं की शिकलेली माणसं कशी बघतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, पाहुणे आले की पुस्तक उशीखाली जायचं! हा राग मला आजचा नाहीये, तेव्हापासूनचा आहे.

असो. गठ्ठा रद्दीच्या भावाने मी उचलून आणलाय, बाइंडिंगवाल्याशी बोलणं झालंय, तो म्हणतो लुचाईची शिलाई नव्याने करावी लागेल, बाकीच्यांना नुसत्या पट्ट्या पुरतील.

ज्यांनी धारप वाचलाच नाहीये त्यांनी समर्थांपासून सुरुवात करू नका, ती गोडी नंतरची. आधी लुचाई घ्या, नवीन आवृत्ती मिळते. घरात सगळे झोपल्यावर घ्या, आणि मग इथे येऊन सांगा साहित्य आहे की नाही ते.