आईच्या कॅसेटवर 'पोलिस'

काल रात्री हेडफोन लावून 'पोलिस' या ब्रिटिश रॉक बँडचा 'रेगाटा द ब्लांक' सलग ऐकला. अल्बम ऑक्टोबर १९७९चा, माझ्याकडे आला १९८४मध्ये. गिरगावातल्या मामेभावाने उतरवून दिला. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते, म्हणून घरातली नव्वद मिनिटांची एक उचलली. तिच्यावर आईने रेडिओवरून धरलेली नाट्यपदं होती. आई आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.

हा दादा मार्च १९८०मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात 'पोलिस'ना प्रत्यक्ष ऐकून आलेला. ऐन भरातला बँड मुंबईत, आणि आणला कुणी, तर टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या बायकांनी! घरातल्या प्रत्येक लग्नात तो हे सांगतो आणि दर खेपेला स्टेजच्या दोन फूट जवळ सरकलेला असतो.

तेव्हा आमच्या लेखी पोलिस म्हणजे गाणारा, बास गिटार वाजवणारा स्टिंग. काल मात्र कान सारखा ड्रमर स्टुअर्ट कोपलंडच्या हाय-हॅटकडे, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीकडे, जात होता. 'वॉकिंग ऑन द मून' घ्या. बासचे मोजके स्वर, गिटारवर अँडी समर्सचा एकच कॉर्ड वाजून विरत जातो, आणि मधल्या मोकळ्या मैदानात ती टिकटिक, प्रतिध्वनीसकट. रेगेत, म्हणजे जमैकाच्या त्या संगीतात, पहिल्या मात्रेवर, जिथे आपली मान आपसूक हलायची, तिथेच बास ड्रम गप्प. आपल्याकडे गवई जागा घेतो, हे तिघे जागा सोडतात. सतराव्या वर्षी मला ती पोकळी कॅसेट खराब उतरल्यामुळे आहे असं वाटायचं!

कोपलंडचं लहानपण कैरो-बैरुतमध्ये गेलं. ठेक्याची त्याची समज लंडनच्या पंकवाल्यांपेक्षा निराळी असणारच. समर्स बाकी दोघांपेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठा, शिकलेला हात. 'मेसेज इन अ बॉटल'ची सुरुवात एकदा गिटारवर वाजवून बघा. पहिलं बोट आणि करंगळी यांच्यात असा ताण येतो की माझ्या हाताने अर्ध्या मिनिटात शरणागती पत्करली.

अल्बमचं नाव म्हणजे मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये 'गोऱ्यांचा रेगे'. जमैकाचा माल उचलला म्हणून नाक मुरडणारे आजही आहेत. उचलला, खरंय. पण निदान पाटी तरी दारावर लावली.

दुसरी बाजू मात्र तेव्हा वाटायची तेवढी थोर नाही, हे कबूल करायला हवं. 'काँटॅक्ट' सरळ भरतीचं. शेवटचं 'नो टाइम धिस टाइम' तर आधीच 'सो लोन्ली' गाण्याच्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला येऊन गेलेलं. गाणी कमी पडली होती, ते लपत नाही. गंमत म्हणजे ज्याला धड शब्दही नाहीत, जे 'कान्ट स्टँड लूझिंग यू'च्या मधोमध स्टेजवर वाजवता वाजवता जमलं, ते शीर्षकगीतच ग्रॅमी घेऊन गेलं.

अल्बम बेचाळीस मिनिटांच्या आसपास, कॅसेटची बाजू पंचेचाळीस. त्यामुळे माझ्या कॅसेटवर 'नो टाइम' संपलं की जरा खरखर, आणि मग न पुसलेला आईचा तुकडा यायचा. वसंतराव देशपांडे, तानेच्या अगदी मधूनच. मग खट्, बटण वर.

काल अल्बम संपल्यावर मोबाइलने आपल्या मनाने भलतंच गाणं लावलं. ते बंद केलं आणि हेडफोन काढायचे सोडून तसाच बसून राहिलो, तान यायची होती ना.