नुसती आफ्रिका

मंगळवारी कुरिअरच्या दुकानात गेले होते. डिग्रीची सर्टिफिकेटं, अनुभवाची पत्रं, नोटरीचे शिक्के मारलेले कागद, असं सगळं बाड नैरोबीला पाठवायचं होतं, वर्क परमिटच्या फाइलसाठी. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, कंट्री? म्हटलं केनिया. मग तो बराच वेळ स्क्रीनवर खालीवर करत बसला आणि शेवटी मलाच विचारतो, "मॅडम, साउथ आफ्रिका की नुसती आफ्रिका?"

नुसती आफ्रिका. जसं काय तर्री घालून देऊ की नुसती मिसळ.

स्पेलिंग सांगितलं, दोनदा, फोनवर नकाशा उघडून दाखवला, तो हो हो म्हणाला, पावती दिली, झालं. खरं सांगायचं तर त्या पोराचा मला तेवढा राग नाही आला, वीस-बावीस वर्षांचं पोर ते, दिवसभर दुबई लंडन न्यू जर्सी टाइप करतंय. राग येतोय तो बाकीच्यांचा. शिकलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या, वर्षाला एक फॉरेन टूर करून त्याचे चारशे फोटो टाकणाऱ्या लोकांचा. गेले तीन महिने, म्हणजे आम्ही परत जातोय हे सांगितल्यापासून, यांनी माझं डोकं उठवलंय.

२०१२ ते २०२१ मी नैरोबीत होते. नऊ वर्षं. माझी मुलगी तिथे चालायला शिकली. बाबांचं आजारपण निघालं म्हणून पुण्यात आलो, गेल्या वर्षी बाबा गेले, आता माझ्या जुन्या कंपनीने बोलावलंय आणि मी हो म्हटलंय. संपली गोष्ट. पण नाही. लिफ्टमध्ये काका विचारतात, "ह्यांची बदली झाली का?" नाही हो काका, माझी नोकरी आहे, हे माझ्याबरोबर येतायत. काकांचा चेहरा असा झाला की दोन्हीतलं जास्त वाईट काय ते त्यांना ठरवता येईना, आफ्रिका की बायकोच्या मागे जाणारा नवरा. मग म्हणाले, "पनिशमेंट पोस्टिंगसारखंच असतं ना ते?"

समोरच्या विंगमधल्यांचा मुलगा सुट्टी संपवून न्यू जर्सीला परत गेला तर त्यांनी पेढे वाटले. मी परत चाललेय तर लोक असे भेटायला येतात की घरात कोणी आजारी आहे. "बघ बाई, नीट विचार केलायस ना?" अहो तिथे नऊ वर्षं राहून आलेय मी, विचार काय करायचाय, मी काय ब्रोशर वाचून निघालेय?

आणि हवा. हे हवेचं तर मला आता रेकॉर्ड करून ठेवावंसं वाटतं, कोणी विचारलं की प्ले करायचं. "एवढ्या उन्हात पोरीला नेतेस?" कुठलं ऊन? नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,८०० मीटरवर आहे, आपलं महाबळेश्वर साधारण १,३५०. जुलैत सकाळी तिथे स्वेटर घालून पोरं शाळेत जातात. आमच्या तिथल्या फ्लॅटला पंखाच नव्हता आणि नऊ वर्षांत तो लावायची वेळ आली नाही. हे उन्हाचं मला सांगितलं कुठे, तर एप्रिलात पुण्यात, चाळीस अंशांत, कुलरसमोर बसून, आणि सांगणाऱ्या मावशी पदराने घाम पुसत होत्या.

नंतर फॉरवर्ड. काकूंचा रोज एक येतो. नायजेरियात अपहरण, सुदानात युद्ध, कुठेतरी पूर, खाली "काळजी घ्या". काकू, मी अजून कोथरूडमध्येच आहे. आणि हे आजचं नाही, २०१४ साली इबोला आला होता तेव्हा तर यांनी आम्हाला परत या परत या म्हणून रडकुंडीला आणलं होतं. इबोला कुठे, तर लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी, म्हणजे पार पश्चिमेच्या टोकाला. नैरोबीपासून लायबेरियाची राजधानी जितकी लांब आहे ना, त्यापेक्षा नैरोबीपासून मुंबई जवळ आहे. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तेव्हाही कोणाला पटलं नव्हतं, कारण नकाशात सगळं एकाच रंगात एकाच आकारात बसलंय. ५४ देश आहेत हो त्यात, आपले जवळजवळ नऊ भारत मावतील एवढी जागा. मुंबईहून सरळ विमानाने सहाएक तासांत पोचतो आम्ही, पुण्याहून चंद्रपूरला ट्रेनने जायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो, पण चंद्रपूरला जाणाऱ्याला कोणी गळ्यात पडून निरोप देत नाही.

एका काकांचं वेगळंच. "ते लोक आपल्याला हाकलून देतात म्हणे. तो कोण तो, इदी अमीन." काका, इदी अमीन युगांडाचा. साल १९७२. मी चाललेय केनियाला, जिथे २०१७ मध्ये सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशातला ४४ वा समाज म्हणून मान्यता दिली. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा रेल्वे बांधायला किंवा दुकान टाकायला गेले होते अशी माणसं आहेत तिथे, त्यांच्या चौथ्या पिढीला तुम्ही "कधी परत येणार इंडियात" विचारणार का? त्या रेल्वेवर हजारो मजूर मेले आपल्याकडचे. १९२० पर्यंत तिथे चलन रुपया होतं, रुपया! हे कोणाला सांगायला गेलं की म्हणणार, हो का, बरं बरं, आणि जेवायला काय मिळतं गं तिकडे?

जेवायला! नैरोबीतल्या पार्कलँड्स भागात चालत गेलं तर पोहे, कोकम, हिंग, पापड, गोडा मसाला सोडून सगळं मिळतं, आणि गोडा मसाला तिथल्या मराठी मंडळातल्या एक बाई घरी करून विकतात. भाजीवालीकडे कोथिंबीर मागायची तर स्वाहिलीत दानिया म्हणायचं. चहा चाय, पोळी चपाती, दुकान दुका, हिशोब हेसाबू, पुस्तक किताबू, सरकार सेरिकाली. भाषा कुठली बोलतात, आफ्रिकन का, असं विचारणाऱ्या बाईंना मी ही यादी म्हणून दाखवली तर म्हणाल्या, "म्हणजे आपलंच ढापलंय की." मी उठून पाणी प्यायला गेले. म्हणजे निम्मे शब्द अरबी-फारसीतून तिकडे गेले आणि इकडेही तसेच आले, पण जाऊ दे.

"बँका वगैरे असतात ना तिकडे?" हा प्रश्न एका रिटायर्ड बँकवाल्याने विचारलाय. एम-पेसा, म्हणजे तिकडचं फोनवरून पैसे द्यायचं-घ्यायचं, २००७ मध्ये सुरू झालं. मी २०१२ मध्ये उतरले तेव्हा रस्त्यावरची केळीवाली साध्या बटणाच्या फोनवर पैसे घेत होती, आणि सुट्टीत पुण्यात आले की आमचा वाणी सुट्टे नाहीत म्हणून माझ्या हातावर दोन चॉकलेटं टेकवायचा. आपलं यूपीआय २०१६ चं.

बरं, मी काही तिकडची ब्रँड अँबॅसडर नाहीये. नैरोबीनेही मला कमी छळलेलं नाही. परदेशी माणसाला जे ओळखपत्र देतात त्याला तिथे सरळ एलियन कार्ड म्हणतात, आणि ते हातात पडेपर्यंत आपण खरंच दुसऱ्या ग्रहावरून आलोय असं वाटायला लागतं, पहिल्या वेळी इतक्या फेऱ्या घातल्या की गेटवरचा अस्कारी, म्हणजे वॉचमन, मला नावाने हाक मारायला लागला. लाइट जाते. प्रीपेड मीटरचे टोकन रात्री अकराला संपतात, पाहुणे असतानाच संपतात. नळ दुरुस्त करायला फुंडी बोलवावा तर तो केशो म्हणणार, केशो म्हणजे उद्या, पण कुठला उद्या ते त्याच्या देवाला माहीत. एकदा एकाने सांगितलं सा न्ने ला येतो, सा न्ने म्हणजे चार, मी ऑफिसातून अर्धा दिवस काढून चारला घरी, तर तो बिचारा सकाळी दहाला येऊन बेल वाजवून गेलेला. स्वाहिलीत दिवस सकाळी सहापासून मोजतात, चार म्हणजे दहा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ट्रॅफिकमध्ये काच खाली केली आणि फोन गेला, तेही झालंय. त्या शहराला नैरोबरी उगाच नाही म्हणत, आणि म्हणतात तिथलेच लोक. पण हे सगळं एका शहराचं आहे ना. त्या शहरावर मी चिडते, तशी पुण्यावरही चिडते. नुसत्या आफ्रिकेवर कशी चिडू?

आता जे लिहितेय ते कडू आहे. परवा हळदीकुंकवाला एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कामाला बाई काळीच असेल ना गं? भीती नाही वाटत घरात?" आणि चार जणी हसल्या. माझ्या मुलीला जिने तीन वर्षं सांभाळलं, तिच्या तापात रात्रभर जागली, जिला मुलगी आजही व्हिडिओ कॉल करते, तिच्याबद्दल हे. मुलगी शेजारी बसली होती, अकरा वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. ती मोठ्याने म्हणाली, भीती तुमची वाटते. मी तिला दटावलं नाही. आता सगळीकडे बोभाटा झालाय की मुलीला वळण नाही.

आणि मला विचारतात, तिकडे सेफ आहे का! २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात मॉलमध्ये घुसून नायजेरियन पोरांना खुर्च्यांनी, लाथांनी मारलं होतं, त्याचे व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिले. आपल्या पुण्यात आफ्रिकेतल्या कितीतरी देशांची पोरं शिकायला येतात, त्यांना फ्लॅट द्यायची वेळ आली की लोकांना अचानक कमिटीचे नियम आठवतात. त्यांच्या आया तिकडे काय फॉरवर्ड पाठवत असतील काकू?

तिकडचे आपले लोकही काही धुतल्या तांदळाचे नाहीत, हे पण बोलून टाकते आजच. वीस वीस वर्षं नैरोबीत काढलेली माणसं आहेत मंडळात, स्वाहिली येते किती, तर लेता, वेका, ओंडोआ. आण, ठेव, उचल. गणपतीत ढोल वाजवायला पुढे, पण शेजारच्या केनियन घरी कधी चहाला गेलेत का विचारा.

आणि हा यलो फीव्हरचा किस्सा. मध्यंतरी घर बघायला दोन आठवडे नैरोबीला जाऊन आले. केनियाहून भारतात येताना यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन, नियम आहे, बरोबर आहे, माझी काही तक्रार नाही. माझं कार्ड २०१२ चं. त्यावर दहा वर्षं वैध असा शिक्का. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या जुलैपासून नियम बदललाय, एकदा लस घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं, जुनी कार्डंसुद्धा. आपल्याच एका एअरपोर्टवर, नाव नाही घेत, पहाटे साडेतीनला डेस्कवरचा माणूस म्हणतो, मॅडम एक्सपायर झालंय, साइडला थांबा. मी नियम सांगितला. तो म्हणाला, "ते बाहेरच्या देशांसाठी असेल, तुम्ही आफ्रिकेतून आलाय." अरे बाबा, यलो फीव्हरचा नियम आफ्रिकेतून येणाऱ्यांसाठी नाही तर काय स्वित्झर्लंडहून येणाऱ्यांसाठी आहे का? चाळीस मिनिटं उभी केली. मग एक वरिष्ठ डॉक्टर आल्या, कार्ड बघितलं, तीन सेकंदांत जा म्हणाल्या. तो माणूस सॉरी म्हणाला का? त्याने पुढच्याचं कार्ड घेतलं. नैरोबीत अशा वेळी साधा वॉचमनसुद्धा "पोले" म्हणतो, पोले म्हणजे वाईट वाटलं, त्याची चूक असो नसो.

पॅकिंगचं तर बोलायलाच नको. प्रत्येकी दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलो, आणि रोज कोणीतरी "एवढंच ने गं" म्हणून काहीतरी आणून टेकवतंय. सासूबाईंनी दोन किलो पोहे दिले, मिळतात म्हटलं तरी दिले, आणि दिले कशात तर त्यांनी जपून ठेवलेल्या कापडाच्या दुकानाच्या जाड कॅरीबॅगेत. आई, तिकडे २०१७ च्या ऑगस्टपासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, ४० लाख शिलिंगपर्यंत दंड नाहीतर चार वर्षांपर्यंत जेल, एअरपोर्टवर पिशव्या काढून घेतात. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आफ्रिकेत?" हो, आफ्रिकेत. आपल्याकडे पण बंदी आहे २०१८ पासून, आणि ती पिशवी बंदीनंतरचीच आहे.

हे सगळं लिहिता लिहिता मगाशी कुरिअरचं ट्रॅकिंग उघडून बघितलं. सोमवारच्या आत कागद पोचले नाहीत तर परमिटची फाइल पुढच्या महिन्यावर जाते, म्हणजे तिकिटं बदला, घराचं डिपॉझिट अडकून पडणार, सगळंच. स्क्रीनवर हिरवी खूण, खाली लिहिलंय, अराइव्हड, जोहान्सबर्ग.

तीन वेळा वाचलं. मग कस्टमर केअरला फोन लावला, अकरा मिनिटं ती पिपाणी ऐकली, आणि शेवटी एक मुलगी अगदी गोड आवाजात मला म्हणते, "पण मॅडम, पार्सल आफ्रिकेत पोचलंय ना?"