रिकाम्या फोल्डरचा यशस्वी बॅकअप

माझी बॅकअपची व्यवस्था चार वर्षे बिनतक्रार चालू होती, हेच बहुधा तिचे वैगुण्य होते. रात्री २ वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणारा प्रोग्रॅम, १४ ओळींची एक स्क्रिप्ट चालवी, ती रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमला कामाला लावी, आणि रेस्टिक फाइलींचे तुकडे पाडून, त्यांतले आधी साठवलेले वगळून, उरलेले कूटबद्ध करून दुसऱ्या डिस्कवर ठेवी. सकाळी या उलाढालीचा मागमूसही नसे. एकदा सहकाऱ्याने विचारले, "बॅकअप झाला हे तुम्हांला कळते कसे?" मी लॉग फाइल उघडून दाखवली. त्याने तिच्याकडे इतक्या करुणेने पाहिले, की त्याच रात्री मी रेस्टिकचा कारभार ब्राउझरमध्ये दाखवणारा वेब इंटरफेस बसवायला घेतला.

इंटरफेस कंटेनरच्या रूपात मिळत होता आणि तो बसवायला दहा मिनिटे पुरतील, असे माहितीपत्रक सांगत होते. कंटेनरमधून बाहेरचे काही, आपण मुद्दाम दाखवल्याखेरीज, दिसत नाही. एरवी हा मोठाच गुण आहे. पण ज्याने सगळे घर राखायचे त्यालाच कोठडीत कोंडून, झरोका कुठे पाडायचा हे आपण ठरवायचे, असा हा प्रकार होता. मी झरोका पाडला, म्हणजे कंटेनर कसा उभा करायचा हे सांगणाऱ्या कंपोज फाइलमध्ये माझ्या फोल्डरचा मार्ग लिहिला, आणि लिहिताना त्यातले एक अक्षर गाळले.

आता एखाद्या फोल्डरचे नाव चुकले, तर कोणत्याही सरळमार्गी प्रोग्रॅमने 'असे फोल्डर नाही' म्हणून हात वर करावेत. परंतु जोडणी आखूड पद्धतीने लिहिली असली की डॉकर, म्हणजे कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम, तसे करत नाही. नसलेले फोल्डर तो स्वतः तयार करतो, अर्थातच रिकामे, आणि ते अदबीने कंटेनरपुढे ठेवतो. इंटरफेसने त्या रिकामेपणाचा बॅकअप पापणी लवते न लवते तोच उरकला आणि पडद्यावर टपोरी हिरवी खूण उमटवली. तिच्याखाली बारीक अक्षरांत '० फाइली' असे प्रामाणिकपणे लिहिलेले होते, पण हिरव्या खुणेखालचे कोण वाचतो? वेगाबद्दल मी नव्या तंत्राचे कौतुक केले. तीन दिवस, तीन हिरव्या खुणा. चौथ्या दिवशी एक जुनी फाइल उगीचच परत काढून पाहावीशी वाटली, तेव्हा आपण शून्याच्या तीन प्रती जपून ठेवल्या आहेत, हे ध्यानात आले. जुनी स्क्रिप्ट बंद करायला मी विसरलो होतो, म्हणून वाचलो.

अक्षर दुरुस्त केले, तर परवानगी नाकारण्यात आली, कारण फाइली रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, होत्या आणि कंटेनरमधला वापरकर्ता क्रमांक १००० चा, म्हणजे साधा. तो तंटा मिटवण्यात एक संध्याकाळ गेली.

मग यंत्रे वाढू लागली. कंटेनरला आपण नाव दिले नाही, तर डॉकर त्याच्या ओळख-क्रमांकातली पहिली १२ अक्षरे हेच त्याचे होस्टनेम, म्हणजे यंत्राचे नाव, ठरवतो, आणि कंटेनर नव्याने उभा केला की हे नावही बदलते. सेटिंग बदलण्याच्या हौसेपायी मी तो अकरा वेळा नव्याने उभा केला. रेस्टिकच्या दृष्टीने ही अकरा निरनिराळी यंत्रे होती. त्यामुळे प्रत्येक वेळी आधीचा स्नॅपशॉट, म्हणजे मागच्या बॅकअपची नोंद, न सापडून सगळ्या फाइली पहिल्यापासून वाचल्या गेल्या, आणि 'शेवटचे सात दिवस ठेव' हा माझा नियम प्रत्येक यंत्राला स्वतंत्रपणे लागू झाला. जुने काही पुसलेच जाईना. तुकडे एकदाच साठवले जात असल्याने डिस्क भरली नाही, एवढाच काय तो दिलासा. उपाय होता कंपोज फाइलमधली होस्टनेमची एक ओळ. ती सापडायला दोन रात्री लागल्या.

त्यानंतर एका रात्री स्क्रिप्टच अडली. रिपॉझिटरीच्या, म्हणजे बॅकअपच्या साठ्याच्या, तपासणीची वेळ मी इंटरफेसमध्ये स्क्रिप्टपासून चांगली लांब ठेवली होती, पण कंटेनरमधले घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे, चालत होते, आणि दोन्हींची गाठ पडली. तपासणीने रिपॉझिटरीला कुलूप घातले आणि चार वर्षांत कधी अवाक्षर न काढलेली स्क्रिप्ट, रिपॉझिटरी कुलूपबंद आहे, असे लॉगमध्ये लिहून थांबली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे मोत्याने नाकच दाबले होते.

शेवटी इंटरफेसमधली सगळी नियोजित कामे काढून टाकली. आता काम स्क्रिप्ट करते आणि इंटरफेस फक्त स्नॅपशॉट दाखवतो. परवा सहकाऱ्याला तो पडदा उघडून दिला. त्याने समाधानाने मान डोलावली, यादी खालपर्यंत सरकवली आणि विचारले, "तुमचे यंत्र कळले. ही बाकीची अकरा कुणाची?"

"माझीच," मी म्हणालो.